खळ मुरेपर्यंत

आमचं घर बेळगावात, वडगावला. खालच्या खोलीत माग, वर आम्ही. खडखडाटाची इतकी सवय, की एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी बेंगळुरूला गेले तेव्हा प्रयोगशाळेतली शांतताच अंगावर आली. तिथं बाहेर कुणी दार आपटलं तरी आलेख थरथरतो.

काम ऐकायला सोपं: डीएनएचा एकच रेणू दोन टोकांना धरून ताणायचा आणि औषध सोडल्यावर तो कसा वागतो ते बघायचं. धरायचा चिमटा प्रकाशाचा. 1064 नॅनोमीटरचा लेझर भिंगातून एका बिंदूवर आणला की पाण्यातला सूक्ष्म मणी तिथंच अडकतो. याच चिमट्यासाठी आर्थर अ‍ॅश्किन यांना 2018 साली, वयाच्या 96व्या वर्षी नोबेल मिळालं. डीएनएच्या टोकांना बायोटिन हा छोटा रेणू, मण्यांवर त्याला घट्ट धरणारं स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन; एकदा गाठ बसली की सहसा सुटत नाही. पण बसायला हवी ना! तीन आठवडे मी नुसते मणीच पकडत होते. कधी मध्येच बुडबुडा, कधी दोन रेणू एकदम.

एकच रेणू सापडल्याची खूण पक्की असते. साधारण 65 पिकोन्यूटन (बलाचं अगदी सूक्ष्म एकक) बलावर तो एकदम लांबत जातो, मूळ लांबीच्या जवळजवळ 1.7 पट. दोन असतील तर दुप्पट बल लागतं.

मग अ‍ॅक्टिनोमायसिन डी सोडलं. लहान मुलांच्या मूत्रपिंडाच्या कर्करोगावर देतात ते. त्याचा सपाट भाग बेसच्या जोड्यांमध्ये, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांमध्ये, शिरतो आणि रेणू लांबतो. बल आणि लांबीचा माझा आलेख मात्र दर वेळी वेगळा! ताणतानाची रेघ एक, सैल सोडतानाची दुसरी. मणी बदलले, द्रावण बदललं, लेझरलाही शिव्या घातल्या.

बाबांना फोनवर रडगाणं सांगितलं. म्हणाले, "लई घाई करतीस. सुतात खळ मुरू दे की आधी." खळ म्हणजे विणण्याआधी सुताला लावतात ती चिकट पेज. मार्गदर्शक बाईंनीही हेच सांगितलं होतं, तेव्हा मी नुसती मान डोलावली होती. या औषधाला पेप्टाइडची, म्हणजे प्रथिनासारख्या छोट्या साखळीची, दोन मोठी कडी असतात. त्यामुळे ते आत शिरायला आणि बाहेर पडायला वेळ घेतं, आणि मी घाईत ताणत होते म्हणून दोन रेघा जुळत नव्हत्या. मग मी बल एकाच आकड्यावर धरून ठेवलं आणि लांबी वाढायची थांबेपर्यंत हात बांधून बसले.

दिवाळीत तो आलेख बाबांना दाखवला. रेघ आडवी झाली तिथं बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हितं तुटलं?"

"नाही बाबा, हितं मुरलं."