पुतण्यासाठी माझं नाव लिहून घ्या

आमच्या धाकट्या दिरांचा मुलगा तीन वर्षांची शिक्षा भोगून सुटला, तेव्हा घरात जो तो एकच सुचवत होता: कुठेतरी वॉचमन म्हणून चिकटवून द्या. मायेनेच म्हणत होते सगळे. पण नेमकी तीच नोकरी त्याला कायद्याने बंद आहे. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा कायदा आहे. न्यायालयाने दोषी ठरवलेल्या माणसाला सुरक्षारक्षक म्हणून ठेवता येत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. हे ठाऊक नसलं की पोरगा एका एजन्सीतून दुसरीत फिरत राहतो, प्रत्येक ठिकाणी चारित्र्य पडताळणीला अडतो आणि शेवटी घरी बसतो. बॅजची रिक्षा नाहीतर टॅक्सी म्हणाल, तर तिथेही पोलीस पडताळणी आहे. म्हणून दारं कुठली बंद आहेत ते आधी बघून घ्यावं.

मी भांडुपला राहते, एका पतपेढीत नोकरी करते. पुतण्याचं नाव इथे लिहिणार नाही, कारण आता तो कामाला लागलाय आणि त्याची मुलगी बालवाडीत जाते. गुन्हा मात्र लिहिते. मंडळाच्या भांडणात त्याने लोखंडी सळई उचलली, समोरच्या मुलाचा हात मोडला. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३२६, म्हणजे घातक हत्याराने गंभीर दुखापत. शिक्षा झाली ती योग्यच झाली असं मला वाटतं, त्यालाही वाटतं. आर्थर रोडला कच्चा कैदी म्हणून काढलेले महिने त्याच शिक्षेत धरले गेले.

लोकांना मात्र कच्चा आणि पक्का यातला फरक ठाऊक नसतो. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तिघे कच्चे होते, म्हणजे त्यांच्या खटल्याचा निकालच लागलेला नव्हता. त्यातले कितीतरी पुढे निर्दोष सुटतात. पण न्यायालयांच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की खटला दिसतो, आणि बघणारा निकालापर्यंत वाचत बसत नाही. निर्दोष सुटलेल्या माणसाने निकालाची साक्षांकित प्रत कायम जवळ ठेवावी. ज्याला परिविक्षेवर, म्हणजे तुरुंगात न पाठवता चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलंय, त्याने आपल्या वकिलाला १९५८ च्या परिविक्षा कायद्यातल्या कलम १२ बद्दल जरूर विचारावं. शिक्षा झाल्यामुळे एरवी जी अपात्रता येते, ती अशा माणसाला लागू नये म्हणूनच ते कलम आहे. आमच्या पुतण्याला त्याचा उपयोग नव्हता, त्याने शिक्षा तुरुंगातच भोगली.

सुटल्यावर पहिले काही आठवडे कागदांतच गेले. आत असताना सिमकार्ड बंद पडलं होतं आणि कंपनीने तो नंबर दुसऱ्या कुणाला देऊन टाकला होता. आधारला तोच नंबर जोडलेला. म्हणजे ओटीपी कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या फोनवर जाणार. दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून बँकेचं खातंही निष्क्रिय झालेलं. आधी नवं सिम, मग आधार केंद्रात जाऊन नंबर बदलणं, मग बँकेत पुन्हा केवायसी. हा क्रम चुकला की सगळं अडतं. माणूस कामाला तयार असूनही त्याचा पगार कुठे जमा करायचा हा प्रश्न उरतो. सुटून आलेल्या माणसाला एकट्याला या रांगांत पाठवू नका. "इतकी वर्षं कुठे होता?" असं काउंटरवरून कुणी सहज विचारतं आणि तो तसाच परत फिरतो. मी बरोबर जायचे आणि बोलायचं काम माझ्याकडे घ्यायचे.

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून मुंबईत कैद्यांसाठी आणि सुटून आलेल्यांसाठी काम करतोय. ज्यांच्या घरात बरोबर जाणारं कुणी नाही, त्यांनी त्यांच्याकडे अवश्य जावं.

आता कामाचं. त्याच्याकडे आयटीआयचं वायरमनचं प्रमाणपत्र होतं, इतक्या गडबडीत त्याच्या आईने ते जपून ठेवलं होतं. आमच्या पतपेढीचे एक सभासद आहेत, त्यांचा औद्योगिक वसाहतीत मोटार वाइंडिंगचा गाळा आहे. सोसायट्यांचे जळालेले पंप त्यांच्याकडे येतात. त्यांच्याकडे मी पुतण्याला न घेता एकटी गेले, कारण त्याच्यासमोर त्यांना मोकळेपणाने विचारता आलं नसतं.

सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "मॅडम, चोरीची केस आहे का? माझ्याकडे तांब्याची तार असते."

"नाही शेठ, मारामारीची. निकालाची प्रत आणलीय, वाचून बघा."

त्यांनी खरंच वाचली, निवांत. मग म्हणाले, "ठीक आहे, पाठवा. पण काही झालं तर मी तुमच्याकडे येणार."

"म्हणून तर माझं नाव लिहून घ्या म्हणतेय."

त्यांनी वहीत माझं नाव, पत्ता, फोन लिहून घेतला. मुंबईत अशी छोटी कामं ओळखीवरच मिळतात, आणि तुरुंगातून आलेल्या माणसाची नेमकी ओळखच गेलेली असते. ती आपण द्यायची. पैशाची मदत बरेच जण करतात, पण स्वतःचं नाव द्यायला कचरतात, आणि खरी अडचण तिथेच असते. लपवून काम मिळवून देऊ नये हेही माझं ठाम मत आहे. चार महिन्यांनी कुणीतरी शेठना सांगितलं असतं, तर नोकरी गेली असतीच, वर खोटेपणाचा शिक्का बसला असता.

गाळ्यात तारेचं रीळ सकाळी आणि संध्याकाळी वजन करून लिहितात, प्रत्येक कारागिराचं. पुतण्या म्हणाला, "काकू, हे बरं आहे, सगळ्यांचंच मोजतात." ते वाक्य ऐकून मी जेवण सोडून स्वयंपाकघरात गेले. त्याच्यासमोर रडायचं नव्हतं.

खोलीचं प्रकरण जास्त कठीण गेलं. दिरांच्या एका खोलीत आधीच चौघं, त्यात हा, याची बायको आणि लेक. टेंभीपाड्यात एका आजींची खोली सापडली, भाडं ६५०० आणि डिपॉझिट ४०,०००. आजींची भीती साधी होती. "पोलीस दारात येतील का गं?"

मी त्यांना समजावलं. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्यायची असते, ती सगळ्याच भाडेकरूंची. ती परवानगी नसते. शिक्षा भोगून आलेल्याला खोली देऊ नये असा कुठलाही कायदा नाही. करारही नोंदवलेला हवा. अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घेणं घरमालकाची जबाबदारी आहे. नोंदवलेल्या करारात आजींचीच सुरक्षा जास्त, हे पटल्यावर त्या तयार झाल्या. करार सुनेच्या नावावर केला, कारण तिची पोळीभाजीच्या ऑर्डरची कमाई आधीपासून सुरू होती. पण आत कोण कोण राहणार, ते आजींना सगळं सांगून. साक्षीदार म्हणून मी आणि आमच्या यजमानांनी सह्या केल्या.

डिपॉझिटसाठी पाच घरांनी प्रत्येकी ८००० काढले. दिरांच्या हातात कुणी काही ठेवायचं नाही, पैसे थेट आजींच्या खात्यात, असं मी आधीच सांगितलं होतं. एका नणंदेला ते लागलं. लागू दे. चार जणांनी चार वेळा लपूनछपून दिलेले पाचशे-हजार कुठे जातात ते कुणालाच कळत नाही आणि घेणाऱ्याची मान खालीच राहते. डिपॉझिट मात्र परत येणारी रक्कम आहे, आणि ती वहीत लिहिलेली आहे. दरमहा १५०० फेडायचे, ते दोघं फेडतायत. भाडं मात्र मी एकदाही दिलं नाही. पहिले तीन महिने किराणा भरला, भाडं त्यांनी स्वतःच्या कमाईतून द्यायचं, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं.

करार मार्चमध्ये संपतोय. आजी पुढे द्यायला तयार आहेत, फक्त भाडं ५०० रुपयांनी वाढेल. त्यासाठी तो रविवारी सोसायट्यांच्या पंपांची सुटी कामं घ्यायला लागलाय, शेठना विचारूनच.