पहिल्या पानावरचं अक्षर माझंच

काकांचा फोन आला तेव्हा प्रश्न एकच होता. "तू टाकलेली ती फायरवॉल फालतू निघाली. आता चांगली कुठली ते सांग, तीच टाकू."

फायरवॉल म्हणजे मशीन आणि नेट यांच्यामधली ये-जा तपासणारा पहारेकरी प्रोग्राम. असे फोन आठवड्याला दोन-तीन तरी येतात आणि त्यांना मी चालता चालता उत्तर देते. घरोघरचे कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाचा दिवस व्हायरस मारण्यात जातो असं लोकांना वाटतं. तसं काही नसतं. निम्मा वेळ हरवलेले पासवर्ड शोधण्यात जातो आणि उरलेला आधीच्या माणसाने काय करून ठेवलंय ते उकलण्यात. त्या आधीच्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालणं हा या कामाचा एक हक्काचा आनंद आहे. इथे मात्र आधीचा माणूस मीच होते.

"फालतू कशावरून?" मी विचारलं.

"शिरला ना एक जण आत. पाऊण तास बसला होता."

पुढचं फोनवर ऐकलं नाही. वायर काढून ठेवा, मशीन लावू नका आणि पहिला फोन बँकेला करा, एवढं सांगून निघाले.

झालं होतं ते असं. काका बातम्या वाचत होते. अचानक पूर्ण स्क्रीन लाल झाली, भोंगा वाजायला लागला आणि मोठ्या अक्षरांत आलं की तुमची फायरवॉल तुटली आहे, मशीन बंद करू नका, खालच्या नंबरवर ताबडतोब फोन करा. हे निव्वळ एक वेबपेज असतं. ते ब्राउझर फुल स्क्रीन करतं आणि बंद करायचं बटण दिसेनासं होतं, एवढीच काय ती करामत. एस्केपचं बटण दाबून धरलं की फुल स्क्रीन सुटते. नाहीच सुटली तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि ब्राउझर मारायचा. काकांना हे माहीत नव्हतं, कारण मी ते त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

पण त्यांनी त्या लाल स्क्रीनवर विश्वास ठेवला याला आणखी एक कारण होतं. मशीनसोबत एका कंपनीचं सिक्युरिटी पॅकेज चकटफू मुदतीवर आलं होतं. मुदत संपून वर्ष झालेलं. तेव्हापासून ते दर एक-दोन दिवसांनी कोपऱ्यातून उगवायचं: तुमचा संगणक धोक्यात आहे, आत्ताच नूतनीकरण करा. रंग लाल, उद्गारचिन्हं तेवढीच. सुरक्षा विकणाऱ्यांनी घाबरवण्याची जी भाषा घडवली आहे ती चोरांना आयती मिळालीय. वर्षभर एका लालकडे दुर्लक्ष करून काकांना आधीच अपराधी वाटत होतं, त्यामुळे दुसरं लाल आल्यावर त्यांनी मुकाट्याने फोन लावला.

पलीकडचा माणूस फार नम्र होता म्हणे. काका अजूनही तसंच म्हणतात. त्याने आधी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची बारीकसारीक घटनांची नोंदवही, उघडायला लावला आणि त्यातल्या लाल-पिवळ्या खुणा मोजायला सांगितल्या. काकांनी मोजल्या. ठणठणीत मशीनमध्येही त्या शेकड्याने असतात. पडद्यामागे चालणारी एखादी सर्व्हिस दोन सेकंद उशिरा सुरू झाली तरी तिथे नोंद पडते. मग आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडायला लावून नेटस्टॅट ही चालू जोडण्यांची यादी दाखवणारी आज्ञा द्यायला लावली. त्यात फॉरेन अ‍ॅड्रेस असा एक रकाना असतो. त्याचा अर्थ जोडणीचं पलीकडचं टोक, बाकी काही नाही. त्याने काकांना सांगितलं, हे सगळे परदेशी लोक आत्ता तुमच्या मशीनमध्ये आहेत.

आणि मग त्याने तो नंबर मागितला.

दुरून मशीन चालवायचं सॉफ्टवेअर काकांकडे होतंच. मीच टाकलेलं. छोट्या कामांसाठी जायला नको म्हणून मी ते माझ्या बहुतेक गिऱ्हाइकांकडे टाकून ठेवते. अडलं की फोन करायचा, ते उघडून चौकटीतला नऊ आकडी नंबर वाचायचा आणि 'स्वीकारा' दाबायचं. दोन वर्षांत काकांनी तो नंबर मला पंधरा-वीस वेळा वाचून दाखवला असेल, तीन-तीन आकड्यांचे गट करून, मी शिकवला तसा. त्या दिवशीही त्यांनी तसाच वाचला.

फायरवॉल गप्प राहिली.

पैसे गेले नाहीत ते काकूंमुळे. बँकेचं पान उघडा असं तो म्हणाला तोवर काकू आतून आल्या होत्या. त्यांनी भिंतीवरचं बटण सरळ बंद केलं. का केलंत असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "मला त्यातलं काय कळतंय? यांचा हात थरथरत होता. म्हटलं, आधी ते बंद."

मी मशीन नेट न जोडता चालू केलं. काका शेजारी खुर्ची घेऊन बसले, मांडीवर वही. त्या वहीबद्दल सांगायला हवं.

दोन वर्षांपूर्वी काकांनी फायरवॉल मागितली तेव्हा विंडोजची स्वतःची होतीच. पण मी हौसेने दुसरी टाकली, प्रत्येक प्रोग्राम बाहेर जाताना 'जाऊ देऊ का?' असं विचारणारी. मला स्वतःला तो प्रकार आवडतो. कोण कधी कुठे जातंय ते दिसतं आणि मशीन आपल्या ताब्यात आहे असं वाटतं. शिवाय माझी या कामातली सुरुवातच त्या काळातली. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर हा नेटवरून पसरणारा किडा आला तेव्हा विंडोज एक्सपी नव्याने टाकून नेटची वायर लावली की अपडेट उतरायच्या आत मशीन धरलं जायचं आणि ते आपोआप बंद होण्याची साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची. तो किडा १३५ नंबरच्या पोर्टमधून, म्हणजे मशीनच्या नेटकडच्या एका क्रमांकित दारातून, शिरायचा. एक्सपीत फायरवॉल होती, पण मुळात बंद. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २००४ मध्ये सर्व्हिस पॅक २ हे एक्सपीचं मोठं अपडेट आलं तेव्हा ती आपोआप चालू झाली. तीही फक्त आत येणाऱ्याला अडवायची, बाहेर जाणाऱ्याला काही विचारायची नाही. त्यामुळे वेगळी फायरवॉल टाकणारा तो जाणकार, असं माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. पुढे व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोजची फायरवॉल बाहेरची वाहतूकही अडवू शकायला लागली. बाजारातल्या पुष्कळशा फायरवॉल आतून विंडोजच्याच गाळणीवर उभ्या असतात, वर फक्त आपापल्या खिडक्या. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी ती टाकली.

काका आयुष्यभर हिशेब खात्यात होते. फायरवॉल प्रश्न विचारते म्हटल्यावर त्यांनी वही घातली. रकाने पट्टीने आखलेले: अनुक्रम, तारीख, प्रोग्रामचं नाव, उत्तर, शेरा. एकूण दोनशे चौदा नोंदी. मी या धंद्यात इतकी वर्षं आहे, पण फायरवॉलचा लॉग, म्हणजे नोंदींची यादी, कोणी हाताने लिहिलेला पाहिला नव्हता. बरं, मशीनमधल्या नियमांच्या यादीशी मी तो ताडून पाहिला आणि तो तंतोतंत जुळला.

अनुक्रम ३७: एसव्हीसीहोस्ट. उत्तर: नाही. शेरा: ओळखीचे नाही.

अनुक्रम ३८ला प्रोग्रामचं नावच नाही. फक्त शेरा: नेट बंद, दोन दिवस.

अनुक्रम ३९: एसव्हीसीहोस्ट. उत्तर: हो. शेरा: मॅडमनी फोनवर सांगितल्यावरून. पुढे केव्हाही विचारल्यास हो.

तोंडावर काका मला 'अगं' म्हणतात, वहीत मॅडम. एसव्हीसीहोस्ट या एका नावाखाली विंडोजच्या डझनावारी सर्व्हिस चालतात. वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारीही त्यातच. तिला अडवलं की नेट मेल्यासारखं होतं. त्यांचं 'नाही' खरं तर बरोबर होतं. अनोळखी माणसाला दार उघडू नये हे मीच सांगितलेलं. पण त्या उत्तराची शिक्षा त्यांना झाली, दोन दिवस नेट बंद. वही पुढे चाळली तर ३९ नंतर 'नाही' फक्त दोनदा आलंय. बाकी सगळं हो, हो, हो. माणूस प्रश्नाला कंटाळून उत्तर कसं ठरवून टाकतो ते पट्टीने आखलेल्या रकान्यात दिसत होतं.

मी त्या दुरून चालवायच्या सॉफ्टवेअरची नोंद शोधायला लागले. शेवटच्या पानावर नव्हती. त्या तारखेला नोंदच नव्हती.

"काका, त्या दिवशी फायरवॉलने काही विचारलं नाही?"

"नाही. विचारलं असतं तर लिहिलं असतं."

मग पहिलं पान काढलं. वही कशी लिहायची ते दाखवायला पहिल्या तीन नोंदी मी केल्या होत्या. अनुक्रम १ ब्राउझर, अनुक्रम २ प्रिंटर. अनुक्रम ३ला ते सॉफ्टवेअर, उत्तर हो, शेरा: कायमचं. अक्षर माझं.

म्हणजे नियम मी केलेला, कायमचा. ते सॉफ्टवेअर ४४३ नंबरच्या पोर्टवरून आधी स्वतः बाहेर जातं, मधल्या सर्व्हरला भेटतं आणि पलीकडचा माणूस त्याच वाटेने आत दिसतो. राउटरला ती घरातून बाहेर जाणारी साधी जोडणी वाटते, विंडोजलाही तशीच वाटली असती. जगातली कुठलीही फायरवॉल टाकली असती तरी हेच झालं असतं, असं काकांना सांगायला मी तोंड उघडलं. ते खरंही होतं. पण ते सांगून मी स्वतःला सोडवतेय हेही मला कळत होतं, म्हणून गप्प बसले आणि नेट जोडून काळी खिडकी उघडली.

आता कुठली जोडणी चालू आहे ते बघायचं होतं. मी नेटस्टॅट टाइप केलं. ओळी भराभर उतरल्या. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे बघा काका, ही बाहेरची जोडणी."

काकांची खुर्ची मागे सरकली.

"हाच," ते म्हणाले. "हाच स्क्रीन त्याने दाखवला. आणि असंच म्हणाला. हे बघा काका."

मी समजावायला गेले. यातल्या चार ओळी १२७.०.०.१ च्या आहेत, म्हणजे मशीन स्वतःशीच बोलतंय. ही एक अपडेटची आहे आणि ही तुमच्या मेलची. त्यानेही समजावलंच असणार, तेवढ्याच शांतपणे. माझ्याकडे जे जे होतं, काळी खिडकी, इंग्रजी रकाने, आपुलकीचा सूर, नऊ आकडी नंबर, ते सगळं त्याच्याकडे होतं. काकांच्या बाजूने बघितलं तर आमच्यात फरक एवढाच की मी खोलीत बसले होते.

पुढचं काम यांत्रिक. त्या सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये अडतीस मिनिटांची जोडणी दिसली. तेवढ्या वेळात त्याने कोणी 'स्वीकारा' न दाबताही आत येता यावं म्हणून स्वतःचा पासवर्ड लावून ठेवला होता. म्हणजे काकूंनी बंद केलेलं मशीन पुन्हा चालू करून नेटला लावून ठेवलं असतं तर तो परत आला असता. परक्याने अडतीस मिनिटं हाताळलेलं मशीन मी झाडूनपुसून परत देत नाही. वायर काढली, फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढली, डिस्क पुसली आणि विंडोज नव्याने टाकलं. पासवर्ड सगळे काकूंच्या फोनवरून बदलले. रोजच्या वापराला अ‍ॅडमिन नसलेलं खातं दिलं. राउटरचा मूळ पासवर्ड दोन वर्षं तसाच होता. हेही माझंच पाप. तो बदलला, बाहेरून राउटर चालवायची सोय बंद आहे ना ते पाहिलं आणि यूपीएनपी बंद केलं, कारण त्यामुळे घरातलं कुठलंही सॉफ्टवेअर न विचारता राउटरमध्ये दार पाडून घेऊ शकतं.

"आणि फायरवॉल?" काका म्हणाले.

"विंडोजची आहे ती चालू केलीय."

"फुकटची?"

"हो."

"विचारेल ना ती?"

"नाही, फारसं नाही. बाहेरून आपणहून येणाऱ्याला परस्पर अडवेल. आतून बाहेर जाणाऱ्याला जाऊ देईल."

काकांना ते पटलं नाही. न विचारणारा पहारेकरी त्यांना कामचुकार वाटतो. खरं सांगायचं तर मलाही थोडा वाटतो. प्रश्न विचारणारी फायरवॉल टाकून त्यांना उत्तरं द्यायला शिकवायला हवं होतं की काय, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. दोनशे चौदा नोंदी शिस्तीत लिहिणारा माणूस शिकला असता. मी दोन मिनिटांत 'हो म्हणा' सांगून फोन ठेवला होता.

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. प्रिंटरवरचं बटण दाबून स्कॅन केलेलं मशीनमध्ये येत नव्हतं. मला लगेच कळलं. घरच्या नेटवर्कला मी पब्लिक प्रोफाइल लावलं होतं. त्यात मशीन इतरांना दिसत नाही आणि प्रिंटर आपणहून काही पाठवायला गेला की अडतो. प्रायव्हेट केलं की झालं, दोन क्लिकचं काम.

"काका, स्टार्टमध्ये क्विक असिस्ट शोधा. मी एक कोड सांगते, तो टाका."

क्विक असिस्ट म्हणजे विंडोजमधलंच दुरून मशीन चालवायचं साधन. पलीकडे शांतता.

"काका?"

"आवाज तुझाच आहे," ते म्हणाले. "पण कोड मी टाकणार नाही. तू ये."

दुसऱ्या दिवशी गेले. दोन क्लिक केले, एक पान स्कॅन करून दाखवलं. काकांनी वही उघडली आणि अनुक्रम २१५ घातला: पब्लिकचे प्रायव्हेट केले. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, मॅडम समक्ष. आणि त्यापुढे सही करायला पेन माझ्या हातात दिलं.