बडोद्याच्या आज्या आणि डच प्रश्नावली : माझा अनुभव

दोन्ही विद्यापीठांच्या सह्या झाल्या त्या दिवशी आमच्या विभागात पेढे वाटले. पहिल्या मेलपासून तिथवर यायला चौदा महिने गेले होते. विषय तसा साधा. मुलं परगावी किंवा परदेशी गेली आहेत आणि म्हातारी माणसं बडोद्यात एकटी राहतात, अशा मराठी घरांचा अभ्यास. नेदरलंड्समधल्या एका विद्यापीठाचा गट तिकडच्या वृद्धांवर हेच काम करत होता. दोन्हीकडचं शेजारी ठेवून बघायचं होतं. मला त्या वेळी सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे.

कागदपत्रांचं आधी उरकते. सामंजस्य करार झाला की काम सुरू, असं मी धरून चालले होते. तो करार म्हणजे नुसती ओळखपाळख असते. पैसे, मुलाखतींची माहिती आणि लेखांवरची नावं यांसाठी प्रकल्पाचा वेगळा करार लागतो, आणि खरा वेळ तोच खातो. तिकडून निधी घ्यायचा विषय निघाला आणि आमचा लेखा विभाग परदेशी निधीच्या कायद्यापाशी अडला. 2020च्या दुरुस्तीनंतर असा निधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. आमची रक्कम त्यात बसते की नाही, यावर फाइल दोन महिने फिरली. शेवटी ज्याचा खर्च त्यानं करायचा, असं ठरलं. हे पहिल्याच बैठकीत ठरवलं असतं तर बरं झालं असतं. दुसरं, दोन्हीकडच्या नैतिकता समित्यांकडे, म्हणजे संशोधनात माणसांचं हित जपलं जातं ना ते बघणाऱ्या समित्यांकडे, अर्ज एकाच वेळी करा. आम्ही आधी इकडे केला, मग तिकडे. तिकडच्यांनी एक वाक्य बदललं आणि आम्ही पुन्हा इकडच्या रांगेत.

मुलाखतींच्या बाबतीत मात्र मी हट्ट धरला. युरोपात जीडीपीआर हा वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा 25 मे 2018 पासून लागू आहे, आपल्याकडे 2023चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. दोन्हींचा मान राखायचा तर नाव आणि क्रमांक यांची यादी बडोद्यातच राहील आणि तिकडे नावं काढलेला मजकूरच जाईल, असं आम्ही लिहून घेतलं. माणसं आपल्या घरातलं बोलणार होती. त्यांची जबाबदारी आमच्यावर होती.

मग संमतीपत्र आलं. चार पानं, शेवटी सही. दांडिया बाजारातल्या एका आजींकडे मी ते घेऊन गेले. झोपाळ्यावर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "बोलते गं हवं तेवढं. पण सही नाही करायची मी. एका सहीपायी माझ्या जावेचं राहतं घर गेलं." पुढच्या तीन घरांत हेच. जुन्या वाड्यांच्या वाटण्या आणि भाडेकरूंची भांडणं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना कागदाची भीती वाटणारच. मी दोन्ही समित्यांना पत्र लिहिलं: मजकूर मोठ्यानं वाचून दाखवू, त्यांच्या आवाजात होकार रेकॉर्ड करू, एक साक्षीदार ठेवू. तोंडी संमतीची सोय संशोधनाच्या नियमांत असते, फक्त कारण देऊन मागावी लागते. ती मिळायला सहा आठवडे लागले.

सगळ्यात जास्त शिकले ते प्रश्नावलीवर. डच समाजशास्त्रज्ञ जेनी डी याँग खीरवेल्ड यांची एकटेपणा मोजायची मोजपट्टी वापरायची होती. तिच्यात अकरा विधानं आहेत आणि उत्तरं होय, थोडंफार किंवा नाही. त्यातलं एक रितेपणाबद्दल. मी 'पोकळी जाणवते' असं केलं. कुणालाच ते भिडेना. एक आजोबा म्हणाले, "पोकळी भिंतीत असते, बाई." दांडिया बाजारच्या आजींनी मात्र बोलता बोलता स्वतःच सांगितलं, "दिवे लागले की घर खायला उठतं बघ." मी तेच वाक्य घेतलं.

पद्धत अशी की, मूळ विधान न पाहिलेल्या माणसाकडून मराठीचं पुन्हा इंग्रजी करून घ्यायचं. आमच्या सहकाऱ्यानं शब्दशः केलं: घर उठून मला खातं. तिकडच्या बाईंचा काळजीचा मेल आला, हे एकटेपण आहे की भीती, की भास? मी लांबलचक उत्तर लिहिलं, पण पटेना. मग मी उलट विचारलं, तुमच्याकडे म्हातारी माणसं काय म्हणतात? दुसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं. भिंती अंगावर येतात, असं म्हणतात. मी ते घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. आपणही अगदी हेच म्हणतो! त्या मेलनंतर वाक्यावाक्यावर बोलणं सुरू झालं आणि आमचं वाक्य राहिलं.

सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून बडोद्याची ग्रंथालयं उभी केली. रचना बाहेरची होती, पण वाचणारे इथले, म्हणून पुस्तकं गुजराती-मराठी लागली. मला त्या काळात हे फार आठवायचं.

लेखांवरच्या नावांचंही आधीच ठरवा. मुलाखती घेणाऱ्या आमच्या दोन विद्यार्थिनींचे तळटिपेत आभार मानायचे, असं मसुद्यात होतं. अर्धी प्रश्नावली त्यांनी नव्यानं घडवली होती. मी अडून बसले. आता त्या दोघी लेखक आहेत.

मागच्या महिन्यात रावपुऱ्यातल्या एका आजोबांनी आपली मुलाखत मागे घेतली. मुलगा अमेरिकेत आहे, कधी वाचलं तर त्याला लागेल, म्हणाले. मी त्याच दिवशी तिकडे कळवलं, दुसऱ्या दिवशी दोन्हीकडून ती काढली गेली. हे सांगायला मी त्यांच्याकडे गेले. दारातच त्यांनी विचारलं, "म्हणजे आता रेकॉर्डिंग नाही?"

"नाही, आजोबा. काहीच नाही."

"मग बस," ते म्हणाले. "आता सांगतो."