थंडीत गाडी चालू होईना? आधी प्लग काढून बघा

डिसेंबर-जानेवारीत बेळगावात पहाटेचा पारा 13-14 अंशांपर्यंत उतरतो. खानापूर-जांबोटीकडे झाडीमुळे गारवा जरा जास्तच. हुडहुडी भरायला तेवढं पुरे, पण धडधाकट मोटारसायकल अडून बसावी अशी ही थंडी नव्हे. चोक ओढूनही चार-पाच किकमध्ये गाडी सुटत नसेल तर दोष आधीचाच आहे. उन्हाळ्यात तो झाकला जातो, एवढंच.

पेट्रोल पेटतं ते वाफ झाल्यावर. गार इंजिनात वाफ कमी होते, म्हणून चोक लावून हवा कमी आणि पेट्रोल जास्त द्यायचं. त्यात आता पंपावर ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते. ते इथेनॉल आपल्याच शिवारातल्या उसाचं असेलही, पण पहाटे सहाला गाडी त्याची जाण ठेवत नाही.

कार्बोरेटरची, म्हणजे चोकवाली जुनी गाडी असेल तर पेट्रोलचा कॉक उघडा, चोक पूर्ण ओढा, चावी बंद ठेवून दोन-तीन सावकाश किक मारा. मग चावी लावून जोरात एक. या वेळी ॲक्सिलरेटर पिळायचा नाही. तो बंद असला तरच इंजिनाची ओढ कार्बोरेटरवर नीट पडते. बहुतेक जण नेमकं उलटं करतात आणि वर गाडीलाच शिव्या घालतात.

तरी नाही झाली तर किक मारत बसू नका. टूलकिटमधला प्लग पाना घ्या आणि प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग, काढा. पुढचं सगळं त्याच्या टोकावर लिहिलेलं असतं.

टोक ओलं आणि पेट्रोलचा वास आला, तर पेट्रोल ओव्हर झालंय किंवा करंट नाही. प्लग पुसून वाळवा, चोक बंद करा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि पाच-सहा किक मारून आतलं पेट्रोल बाहेर काढा. मग प्लग टोपीत घालून त्याचं लोखंड इंजिनाच्या हेडला टेकवा आणि किक मारा. प्लगच्या उघड्या भोकापासून हे लांब करा, तिथून पेट्रोलची वाफ येत असते. ठिणगी निळी आणि टचटचीत हवी. पिवळट, मरगळलेली दिसली तर गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती टोकाची फट, मोजा. 100-125 सीसीच्या गाड्यांना साधारण 0.7 ते 0.9 मिमी गॅप लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. काजळी वायर ब्रशने जाते, पण टोक झिजून गोल झालं असेल तर घासत बसण्यापेक्षा नवा प्लग टाका. बसवताना आधी हातानेच पूर्ण फिरवा. सुरुवातीलाच पाना लावला की आटे जातात, आणि हेडचे आटे गेले की खर्च प्लगच्या कितीतरी पट.

टोक कोरडं असेल तर पेट्रोलच पोचत नाही. कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो. कणकुंबीकडचा पाऊस टाकीच्या झाकणातून झिरपला की असं होतं. पेट्रोल स्वच्छ असूनही चोक काढताच गाडी बंद पडत असेल, तर पायलट जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली बारीक भोकाची पेट्रोलची वाट, तुंबलाय. तो कार्बोरेटर क्लीनर आणि हवेने साफ करा. तार घालू नका, भोक मोठं होतं.

बीएस6, म्हणजे 2020 नंतरच्या गाडीत बहुधा कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असतं, चोकच नसतो. चावी फिरवा, गाडीतल्या पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाची दोन-तीन सेकंदांची घूंऽऽ संपू द्या, मग स्टार्टर दाबा. घूं ऐकूच आली नाही तर किल स्विच आणि फ्यूज बघा.

सेल्फ टकटक करून थांबत असेल तर बॅटरी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मल्टीमीटरवर 12.6 व्होल्टच्या आसपास हवेत. 12.2 म्हणजे अर्धी उतरलेली. स्टार्टर दाबताना 10 च्या खाली घसरत असेल तर तिचा भरवसा नाही. 5 एएच बॅटरीला अर्धा अँपिअर, यापेक्षा घाईने चार्ज करू नका. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने जाते. आधी निगेटिव्ह वायर काढा, आणि जोडताना तीच शेवटी. इंजेक्शनची गाडी बॅटरी पार उतरल्यावर ढकलून बहुधा चालू होत नाही, पंपाला वीज लागते.

किकच जड लागत असेल तर ऑइल बघा. मॅन्युअलमध्ये 10डब्ल्यू-30 असताना कुणीतरी 20डब्ल्यू-50 ओतलेलं असतं, आणि ते गारठ्यात घट्ट राहतं.

करंट आहे, पेट्रोल आहे, बॅटरी ठणठणीत आहे, तरी सकाळचीच कुरकुर? मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा भाग. त्याच्या आणि व्हॉल्व्हमधला गॅप कमी झाला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. हा गॅप इंजिन पूर्ण गार असतानाच मोजतात, म्हणून गाडी आदल्या संध्याकाळीच मेस्त्रीकडे सोडा. सकाळी चालवत नेलीत तर ती निवेपर्यंत दुपार होते.