शून्य सावली आणि गच्चीची किल्ली

ठाण्यात शून्य सावली (सूर्य थेट माथ्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते ती वेळ) १६ मेला, दुपारी १२:३५च्या सुमारास. ही तारीख पुढे ढकलता येत नाही, एवढं सोसायटीच्या कमिटीच्या गळी उतरवण्यात आमचे बारा दिवस गेले.

सामान एका संध्याकाळी जमतं: २ इंची पीव्हीसी पाइपाचा ३० सेंटिमीटर तुकडा (टोकं काटकोनात कापलेली, म्हणजे प्लायवरच्या कागदावर तो सरळ उभा राहतो), प्लाय, पांढरा ड्रॉइंग पेपर, गवंड्याची पाणसळ.

मुलांना हे गच्चीवर दाखवायचं होतं, पण घोडं अडलं तिच्या किल्लीपाशी. अर्ज दिला, तर मुलांची नावं हवीत. नावं दिली, तर पालकांच्या सह्या. सह्या आणल्या, तर "कठड्यावर कोणी चढलं तर?" शेवटी, "रविवारच्या मीटिंगमध्ये ठेवतो. पुढचा रविवार घ्या ना, काय फरक पडतो?" पडतो! १६ मेनंतर सूर्य रोज जवळपास पाव अंश उत्तरेला सरकतो. १७ला चालून जातं, सावली जेमतेम मिलिमीटरभर. आठ दिवसांनी तीच सेंटिमीटरभर, मग मुलांना दाखवायचं काय? पुढची संधी थेट २७ जुलैला, आणि जुलैत ठाण्यात ऊन शोधून दाखवा.

डोक्यात उशिरा उजेड पडला: गच्ची लागतच नाही. सूर्य बरोबर माथ्यावर, म्हणजे दोन विंगांमधल्या बोळातही ऊन उतरतं. उलट गच्चीला पाणी वाहून जायला ढाळ दिलेला असतो. पाइप अर्धा अंश कलला तरी अडीच मिलिमीटर सावली उरते. पेव्हर ब्लॉकही समतल नसतात. प्लायखाली पुठ्ठ्याच्या घड्या सरकवून पाणसळीचा बुडबुडा आडवा-उभा दोन्हीकडे मधोमध आणायचा. यात आमची वीस मिनिटं गेली, तेव्हा पावणेबारालाच खाली उतरा.

१२:१५ला सावली पश्चिमेला साधारण अडीच सेंटिमीटर असते. दर ५ मिनिटांनी टोकाला पेन्सिलची खूण मुलांनाच करू द्या. टोक पुसट दिसतं, कारण सूर्य ठिपका नसून अर्ध्या अंशाची थाळी आहे. सूर्याकडे बघायचं नाही, हे आधीच बजावा. ऐन वेळी मुलं डोकं खुपसतात आणि कागदावर डोक्याचीच सावली पडते. हातभर लांब बसवा. सावली गायब राहते ती मिनिट-दीड मिनिट. मग पूर्वेला बारीक काळी कड फुटते.

आणि हो, चपला घालायला लावा, फरशी भाजते.

परवानगीचं पत्र १९ तारखेला आलं. गच्ची मंजूर: २४ मे, सकाळी १० ते ११.