ठिपके मोजताना

फॉस्फरवर, म्हणजे ऊर्जा मिळाली की उजळणाऱ्या पदार्थावर, आयन (विद्युतभारित अणू) आदळला की प्रकाश पडतो, हे परीक्षेत लिहायला सोपे असते. तो प्रकाश स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला मला तीन संध्याकाळी लागल्या. कोल्हापुरात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मला चांदीचा अंश मिसळलेल्या झिंक सल्फाइडची भुकटी मिळाली होती; तोच माझा फॉस्फर. अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी पदार्थाचा सीलबंद, क्षीण स्रोत मात्र सरांच्या ताब्यात असे आणि तेच तो चिमट्याने जागेवर ठेवत. त्यातून निघणारा अल्फा कण म्हणजे दोन्ही इलेक्ट्रॉन गमावलेला हेलियमचा आयनच.

पहिल्या संध्याकाळी भुकटीचा पडदा स्रोताशिवायच मंद उजळलेला दिसला. मी हरखले, सर हसले. दिवसभर ट्यूबलाइटखाली पडून राहिलेली भुकटी साठवलेली ऊर्जा सावकाश सोडत होती. तेव्हापासून भुकटी काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवू लागले.

दुसऱ्या संध्याकाळी काहीच दिसले नाही. जुलैच्या दमट हवेत गुठळ्या झालेल्या भुकटीचा मी जाड थर दिला होता. अल्फा कण तिच्यात केसाच्या जाडीइतकाही खोल जात नाही, त्यामुळे स्रोताकडच्या बाजूला निर्माण झालेला प्रकाश उरलेल्या थरातच विरत होता. मग भुकटी वाळवून पारदर्शक चिकटपट्टीवर भुरभुरली आणि पट्टीखालची अक्षरे पुसट वाचता येतील इतपत झटकली.

तिसऱ्या दिवशी गुजरीतील एका सराफाकडून भिंग उसने आणले. अर्धा तास अंधारात बसल्यावर, स्रोत एक सेंटिमीटरवर असताना, फोडणीत मोहरी उडावी तसे ठिपके दिसू लागले. प्रत्येक ठिपका एका आयनाचा: तो जाताना स्फटिकातील इलेक्ट्रॉन मोकळे करतो, ते आणि त्यांच्या मागे उरलेल्या रिकाम्या जागा भटकत चांदीच्या अणूपाशी येऊन जुळतात आणि सुटलेली ऊर्जा ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळा प्रकाश होते. मला मात्र तो निळा दिसला नाही, कारण इतक्या मंद उजेडात आपला डोळा रंग ओळखतच नाही.

ठिपके इतके होते की मोजता येईनात, म्हणून मध्ये टाचणीने छिद्र पाडलेला कागद धरला; अल्फा कण कागदही भेदू शकत नाहीत. १९०९ मध्ये मँचेस्टरला गायगर आणि मार्सडेन हे संशोधक असेच तासन्‌तास मोजत बसत. मी मिनिटाला ३८ मोजले, मैत्रिणीने पुढच्या मिनिटाला ३१. कुणाचे चुकले म्हणून आम्ही वाद घालू लागलो, तेव्हा सर म्हणाले, “कण ठरावीक लयीत नाही, योगायोगाने सुटतात. सरासरी पस्तीस धरली तर पस्तिसाच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे सहाएकचा, फरक पडणारच. दोन्ही आकडे वहीत लिहा.”