नांदेड ते वाळूज: हेराल्डच्या इंजिनासाठी

नांदेडहून निघताना टेम्पोत एक ब्लॉक, एक हेड आणि पत्र्याच्या डब्यात क्रँक होता. इंजिन स्टँडर्ड हेराल्डचं, ९४८ सीसी, आणि त्याची ताकद थोडी वाढवायची होती. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीने १९६१ पासून ही गाडी बांधली. पुढे याच कंपनीच्या गॅझेल गाडीतही हेच इंजिन राहिलं आणि १९७७ च्या सुमारास तीही थांबली. त्यामुळे मराठवाड्यात ‘हेराल्डचा परफॉर्मन्स पार्ट’ असं काही दुकानात मागायला जाऊ नये. मागायचं ते माप. माप सांगितलं की इथली माणसं वस्तू काढून देतात, नाहीतर बनवून देतात. पूर्णा, परभणी, सेलू, परतूर, जालना करत संभाजीनगर गाठलं, तेव्हा याची पुन्हा खात्री पटली.

सोबत व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल गेज आणि नमुन्याचा एक जुना पिस्टन ठेवावा. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६३ मिमी. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ७६ मिमी. पिस्टन शोधताना नुसता बोअर सांगून भागत नाही. गजन पिनचा (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनचा) व्यास आणि पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची, ही दोन मापं जुळली नाहीत तर पिस्टन एकतर हेडला लागतो नाहीतर कॉम्प्रेशन खातो. बोल्ट इंची आहेत. ७/१६, १/२ आणि ९/१६ चे पाने नसतील तर १३ च्या पान्याने अर्ध्या इंचाच्या बोल्टचे कोपरे गोल होतात.

ताकद वाढवण्याआधी एक तपासणी करायचीच. या घराण्याच्या इंजिनांची मोठी खोड म्हणजे क्रँकचे थ्रस्ट वॉशर. मागच्या मेन बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना दोन अर्धगोल पट्ट्या असतात. क्लच दाबला की क्रँक पुढे ढकलला जातो आणि सगळा भार मागच्या पट्टीवर येतो. सिग्नलवर क्लच दाबून उभं राहण्याची सवय असेल तर ती लवकर झिजते, मग सुटून सम्पमध्ये, म्हणजे खालच्या ऑइलच्या भांड्यात, पडते आणि क्रँक थेट ब्लॉकचं लोखंड खायला लागतो. ब्लॉक तिथे गेला की दुसरा मिळणं कठीण. तपासायला इंजिन उतरवावं लागत नाही. बॉनेट उघडा, कुणाला तरी क्लच दाबायला सांगा आणि पुढच्या पुलीकडे बघा. डोळ्यांना हालचाल दिसली तर गाडी तिथेच थांबवा. डायल गेजवर ४ ते ८ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.१० ते ०.२० मिमी खेळ चालतो. १२ थाऊ आला तर एका बाजूला मूळपेक्षा ५ थाऊ जास्त जाड, ओव्हरसाइज वॉशर टाकला की ७ वर येतो. वॉशर बसवताना खाचा असलेली बाजू क्रँककडे, ही चूक फार होते. हे वॉशर मात्र इंग्लंडहून मागवा. याच घराण्याचं इंजिन असलेल्या ट्रायम्फ हेराल्ड आणि स्पिटफायर या गाड्यांमुळे तिथे ते अजून नवे बनतात, वजन नगण्य आणि पाकिटात येतात. लेथवर पितळेचे करून घ्यायचा मोह टाळा.

जालन्यात आमचं काम भंगारात होतं. इथल्या सळईच्या कारखान्यांच्या भट्ट्यांकडे चाललेल्या भंगारात जुन्या अॅम्बॅसॅडरचे सुटे भाग निघतात, आणि आपल्याला हवा असतो तिच्यावरचा एसयू कार्ब्युरेटर. स्पिटफायरला सव्वा इंची दोन एसयू असत. हेराल्डच्या साध्या सोलेक्स कार्ब्युरेटरच्या जागी तीच जोडी बसवायची. व्हर्नियरने गळा मोजा, ३१.७५ मिमी हवा. थ्रॉटलची दांडी बोटांनी वरखाली हलवा. खडखडली तर तिथून हवा शिरणार आणि स्लो (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) कधीच स्थिर होणार नाही. पण म्हणून तो फेकू नका, बॉडी रीम करून ब्राँझचा बुश घालता येतो. वरची घुमटासारखी टोपी आणि आतला पिस्टन एकमेकांना जुळवून घासलेले असतात. दोन कार्ब्युरेटरच्या टोप्या आपसात बदलल्या तर पिस्टन अडकतो, म्हणून प्रत्येक जोडी वेगळ्या पिशवीत बांधा. ऑइल न घालता दोन्ही पिस्टन सोडून बघा, साधारण सारख्याच वेळात खाली आले पाहिजेत. अॅम्बॅसॅडरची सुई १४८९ सीसीच्या एकट्या कार्ब्युरेटरसाठी असते, ती इथे चालणार नाही. सुया मापाप्रमाणे वेगळ्या मागवाव्या लागतात. सुईच्या दांड्यावर अक्षरं कोरलेली असतात. स्प्रिंगला रंग असतो: निळी अडीच औंसाची, लाल साडेचार, पिवळी आठ. दोन्हीकडे एकच रंग हवा.

वाळूज एमआयडीसी म्हणजे या प्रवासाचं खरं ठिकाण. बजाजचा कारखाना १९८५ मध्ये आला आणि त्याच्या भोवती सुटे भाग करणारी वर्कशॉपं वाढली. मिमीच्या शंभराव्या भागात काम करणाऱ्यांना ६० वर्षांपूर्वीचा ब्लॉक नवा नाही, फक्त एकाच नगासाठी मशीन लावायला त्यांना फुरसत मिळायला हवी. शनिवारी दुपारनंतर गेलेलं बरं.

ब्लॉक ४० थाऊने रिबोअर केला, म्हणजे सिलिंडर तेवढे रुंद कोरले, तर बोअर साधारण ६४.०२ मिमी होतो आणि इंजिन ९७८ सीसीचं. वाढ तीस सीसीची, त्यापेक्षा हाव धरू नये. ब्रिटनमध्ये याच ७६ मिमी स्ट्रोकवर ११४७ सीसीचं इंजिन निघालं, पण त्याचा बोअर ६९.३ मिमी. आपल्या ब्लॉकमध्ये दोन सिलिंडरांच्या मधल्या भिंतीत तेवढा धातूच नाही. आधी पिस्टन हातात घ्या, चारही मोजा, मग त्या मापाने बोअर करा. उलट केलं तर पश्चात्ताप होतो.

हेड फेसिंगची, म्हणजे हेडचा खालचा पृष्ठभाग घासून कॉम्प्रेशन वाढवण्याची, घाई करू नका. पुस्तकात काही लिहिलेलं असो, तुमच्या हेडवर आधी किती वेळा मशीन फिरलं आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही. चेंबरवर भोक पाडलेली अॅक्रिलिकची पट्टी ग्रीस लावून बसवा आणि प्लग व वॉल्व्ह बसवून ब्युरेटने रॉकेल भरा. त्यात पॅकिंगची जाडी आणि पिस्टन खाली राहत असेल तर ती जागा मिळवा. मूळ बोअरला ८ चं कॉम्प्रेशन म्हणजे एकूण ३३.८ सीसी जागा. ४० थाऊ रिबोअर केल्यावर तेवढ्याच जागेत ते आपोआप ८.२ होतं. ९ हवं असेल तर जागा ३०.६ सीसी राहावी, म्हणजे काढायचे फक्त सव्वातीन सीसी. ते किती मिमी होतात हे कळायला भरलेल्या चेंबरमधून सव्वातीन सीसी सिरिंजने काढा आणि पातळी किती खाली गेली ते डेप्थ गेजने मोजा. तेवढंच फेसिंग. हेड बारीक झालं की पुशरॉड त्या मानाने लांब पडतात. रॉकरच्या स्टँडखाली तेवढ्या शिम घातल्या नाहीत तर रॉकर वॉल्व्हच्या टोकावर तिरका घासतो. मग टॅपेट, म्हणजे रॉकर आणि वॉल्व्हमधला गॅप, १० थाऊवर बांधा.

हेड मशीनवर आहेच तर एक्झॉस्टला कडक सीट रिंगा बसवून घ्या. शिशाचं पेट्रोल देशात २००० मध्ये बंद झालं. शिशाचा लेप होता तोवर साध्या बिडाची सीट टिकत होती, आता लांबच्या प्रवासात ती आत बसत जाते आणि टॅपेटचा गॅप मिटतो.

जोड-कार्ब्युरेटरला हेडशी जोडणारा मॅनिफोल्ड इथेच पाइप वेल्ड करून होतो. पोर्टचा आकार पॅकिंग ठेवून कागदावर उतरवायचा आणि १० मिमी प्लेटची फ्लँज कापायची. वेल्डिंगच्या आधी फ्लँज जाड पाटीवर बोल्टने आवळा, पूर्ण गार होईपर्यंत सोडू नका, नंतर तिचं फेसिंग करा. नाहीतर ती केळ्यासारखी वाकते आणि हवा ओढते. दोन गळ्यांना जोडणारी बॅलन्सची नळी विसरू नका.

पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं. नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून येणारी ठकठक, त्याने कमी होतं, वाढवलेल्या कॉम्प्रेशनला ते सोयीचं. पण जाळायला हवा कमी लागते, हवा आणि पेट्रोलचं वजनी प्रमाण १४.७ वरून साधारण १३.५ वर येतं. म्हणून एसयूचा जेट थोडा खाली करून मिश्रण दाट ठेवावं लागतं. पंपाचा पडदा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्याच घ्या, जुनं रबर फुगून फाटतं.

मे महिन्यात जालना रोडवर इंजिन तापतं, म्हणून इलेक्ट्रिक पंखा लावायचा विचार येतो. हेराल्डचा ल्युकसचा डायनॅमो जेमतेम २२ अँपिअरचा. पंखा आणि हेडलाइट एकदम लावले की बॅटरी उतरते, त्यामुळे पंख्यासोबत ऑल्टरनेटर आलाच. वायरिंग प्लस अर्थचं (बॅटरीचं प्लस टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं) असेल तर ते मायनस अर्थ केल्याशिवाय ऑल्टरनेटर जोडू नका, डायोड त्याच क्षणी जळतात. आणि काळ्या मातीच्या या धुळीत कार्ब्युरेटरची तोंडं उघडी ठेवणं म्हणजे नव्या रिंगांवर पॉलिश पेपर फिरवणं. दोन्ही तोंडांना फिल्टर हवाच.

मेन बेअरिंगं तीनच असल्याने वरचे आरपीएम टाळा. पहिल्या ५०० किलोमीटरला गार इंजिनावर हेडचे नट मधून बाहेर या क्रमाने पुन्हा आवळा, टॅपेट पुन्हा बांधा आणि पुलीला डायल गेज लावून क्लच दाबून बघा.